संध्याकाळी परत

मॉरिशसमध्ये लांबचा प्रवास करायचा म्हटलं तरी करता येत नाही. बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. सगळं मिळून आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चतकोराएवढं. गाडी जरा रंगात येऊन पळायला लागली की समोर समुद्र येऊन उभा राहतो, तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या आजोबांसारखा. कुठे निघालात एवढ्या घाईनं? मग गाडी मुकाट्यानं वळते. त्यामुळे तिथल्या सहली सगळ्या एका दिवसाच्या. मुलीनं आमच्यासाठी ज्या सहली ठरवून ठेवल्या होत्या त्यांचा कागद फ्रिजवर लावलेला होता, आणि त्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोनच शब्द होते. बाग, संध्याकाळी परत. चहाचा मळा, संध्याकाळी परत. जंगल, संध्याकाळी परत. आयुष्यभर मुलीला जे बजावलं, तेच तिनं आता छापून आमच्या हातात दिलं होतं.

आम्ही ऑगस्टात गेलो. आंजर्ल्याजवळच्या आमच्या घरी तेव्हा पागोळ्या गळत होत्या, आगरातल्या पोफळी शेवाळल्या होत्या, आणि गौरी-गणपती तोंडावर आले होते. ते सगळं धाकट्या भावावर सोपवून निघायचं, हे हिनं कबूल केलं होतं खरं. पण कबूल करणं आणि निघणं यांत जेवढं अंतर असतं तेवढं मुंबई आणि मॉरिशस यांतही नसावं. विमानात तिनं दोनदा विचारलं की, शमीच्या पत्रीचं भाऊजींना सांगितलंत ना. खाली ढगांशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, सांगितलं.

मुलगी आणि जावई सकाळी एबेनला आपापल्या कार्यालयात जात आणि नऊच्या ठोक्याला आमचा गाडीवाला दारात येई. तिशी-पस्तिशीचा, सावळा, हसरा गृहस्थ. पणजोबा हिंदुस्थानातून आलेले, एवढं त्याला ठाऊक होतं; कुठल्या गावाहून, ते नाही. घरी क्रिओल बोलायचा, वर्तमानपत्र फ्रेंच वाचायचा, आणि आमच्याशी हिंदी सिनेमातून उचललेल्या हिंदीत बोलायचा, त्यामुळे साधं ‘डावीकडे बघा’ म्हणतानाही त्याच्या आवाजात थोडा त्याग असायचा. दुसऱ्या दिवसापासून तो मला ‘तोंतों’ म्हणायला लागला आणि हिला ‘मातांत’. क्रिओलमध्ये काका आणि काकू. साठी उलटल्यावर माणसाला नवं नाव मिळणं हे काही रोजचं नाही. मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. तोंतों. वाजवणाऱ्यानं डग्ग्यावर नुसता हात ठेवावा, तसा आवाज.

पहिली सहल पाम्प्लमूसच्या बागेची. नाव ऐकून मी फ्रेंच अत्तराच्या तयारीनं गेलो होतो. तिथे कळलं की पाम्प्लमूस हे एका फळाचं नाव आहे, आणि ते फळ म्हणजे आपल्या पपनसाचा सख्खा भाऊबंद. शब्ददेखील एकाच घरातले वाटतात, एक जरा फ्रान्सात शिकून आलेला एवढंच. म्हणजे साडेचार हजार किलोमीटरांवर उडून मी पपनसात उतरलो होतो. पुढे पुढे तर हे फारच व्हायला लागलं. बागेतली वाटाडी बाई आमच्या गटाला एका झाडाखाली थांबवून हलक्या आवाजात, देवळातल्यासारखी, सांगू लागली की हे जगातलं सर्वांत मोठं झाडावर लागणारं फळ. बरोबरचे युरोपीय पाहुणे मान वर करून थक्क झाले. मीही मान वर केली. फणस होता. तिकीट काढून फणस बघायचा हा योग माझ्या पत्रिकेत कुणालाच दिसला नव्हता. हिनं शांतपणे विचारलं, “कापा की बरका?” मी भाषांतर करायचा प्रयत्न केला, पण कापा आणि बरका यांचा भेद इंग्रजीत सांगणं म्हणजे सोवळं आणि ओवळं यांचा सांगण्यासारखं आहे, सांगून होतं, पण ऐकणाऱ्याचा चेहरा बदलत नाही. मग दालचिनी आली, लवंग आली, जायफळ आलं. प्रत्येक पानाला चुरगळून वास घ्यायला देत होते आणि पाहुणे ‘आहा’ म्हणत होते. मला मात्र परक्याच्या लग्नात जाऊन तिथे आपलीच सगळी भावंडं पंगतीला बसलेली दिसावीत, तसं वाटत होतं.

ही बाग ज्यानं नावारूपाला आणली त्याचं नाव प्येर प्वाव्र. प्वाव्र म्हणजे फ्रेंचमध्ये मिरी. या मिरीसाहेबाचा उजवा हात तरुणपणीच समुद्रावरच्या एका लढाईत इंग्रजांच्या तोफगोळ्यानं गेलेला. १७६७ साली तो या बेटाचा कारभारी होऊन आला, तेव्हा लवंग-जायफळावर डचांचा असा पहारा होता की मोलुक्काच्या बेटांवरून रोप बाहेर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. तरी १७७०मध्ये त्याच्या माणसांनी ती रोपं पळवून आणलीच. एक हात नसलेल्या माणसानं जगाच्या मसाल्याच्या डब्यात हात घातला, असं मी हिला सांगितलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. “रोप चोरूनच आणावं लागतं,” ती म्हणाली. “मागून आणलेलं लागत नाही.” आमच्या परसातली अबोली, सोनटक्का आणि निम्मी कर्दळ कुठून आली, याचा उलगडा मला लग्नानंतर चाळीस वर्षांनी, हिंद महासागरातल्या एका बेटावर झाला.

तळ्यात ती प्रसिद्ध कमळं होती. त्यांचं फूल पहिल्या रात्री पांढरं उमलतं आणि दुसऱ्या रात्री गुलाबी होतं म्हणे, नव्या नवरीसारखं. पण आम्हाला नुसती पानंच दिसली. पानं कसली, कडा वर वळलेल्या हिरव्या पराती. कुणीतरी तळ्याकाठी शंभर माणसांची कणीक मळायला घेतली असावी आणि मध्येच हाक आली म्हणून पराती तशाच पाण्यावर सोडून घरात गेलं असावं. पलीकडे एक श्रीताड उभा होता. हा ताड तीस ते ऐंशी वर्षांत कधीतरी एकदाच फुलतो, माथ्यावर लक्षावधी फुलांचा तुरा काढतो आणि मग मरतो. मला आमचे भाऊकाका आठवले. जन्मभर त्यांनी ‘हं’ या अक्षरावर संसार केला. थोरल्या नातीच्या लग्नात मात्र जेवणं झाल्यावर अचानक उठले आणि पाऊण तास बोलले. बालपण, होड्या, वडिलांचा मार, काकूचं पहिलं दर्शन. मंडपातली माणसं रडत होती. त्यानंतर दोन महिन्यांत काका गेले. मी त्या ताडाच्या बुंध्याला हात लावला. तो अजून ‘हं’वरच होता.

चहाच्या मळ्याबद्दल मला फार बोलायचं नाही. ब्वा शेरीचा हा मळा १८९२चा. टेकडीवर, धुक्यात, खाली तळं, सगळं चित्रातल्यासारखं. तिथे चहा पीत नाहीत, चाखतात. छोट्या छोट्या पेल्यांत सात-आठ प्रकार मांडून ठेवतात आणि माणूस होमिओपॅथीच्या औषधासारखा एकेक घोट घेत जातो. तिथला सगळ्यांत लाडका चहा व्हॅनिलाचा. हिनं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि बराच वेळ तळ्याकडे पाहत राहिली. नंतर गाडीत म्हणाली, “कुणाच्या तरी वाढदिवसाहून उरलेला होता का?” उतारा म्हणून गाडीवाल्यानं रस्त्याकडेच्या काचेच्या पेटीतून धोलपुरी आणून दिली. ही जोडीनंच मिळते, एकटी मागितली तर पुरीवाला संशयानं बघतो. आत चण्याच्या डाळीचं सारण, बाहेर पातळ पापुद्रा: गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी. मी पहिला घास घेतला आणि जीभ गुळाची वाट पाहत राहिली, गाडी निघून गेल्यावरही फलाटावर उभं राहणाऱ्या माणसासारखी.

पण त्या बेटावर मला खरं अडखळायला लावलं ते दगडांनी. उसाची तोडणी चालू होती. जिथं ऊस उतरला होता तिथं रिकाम्या शेतांमधून काळ्या दगडांच्या राशी दिसत होत्या. कुठे लांबलचक गडग्यासारख्या, कुठे पायऱ्यापायऱ्यांच्या, जोत्यावर जोतं रचावं तशा. लागवडीसाठी मजुरांनी हातांनी वेचून काढलेले हे दगड. १८३४ सालापासून पोर्ट लुईच्या धक्क्यावर हिंदुस्थानातून करारानं आणलेली माणसं उतरत होती. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि वर चढायला सोळा पायऱ्या आहेत. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांवर माणसं त्या वाटेनं आली. त्यांतली काही मुंबईच्या बंदरातून निघालेली, आमच्याच कोकणातली. करार सुरुवातीला पाच वर्षांचा. निघताना घरी काय सांगितलं असेल? भात लावून निघालो, पाच लावण्या झाल्या की आलोच. त्यांच्याही कागदावर शेवटी बहुधा तेच दोन शब्द असावेत, फक्त ती संध्याकाळ जरा लांबली.

आणि दगड तरी कुठला? भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की जमिनीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण वर आला, तोच स्रोत. आपली भूमी त्याच्यावरून सरकत उत्तरेला गेली आणि मागे राहिलेल्या त्या चुलीवर ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस शिजलं. शेजारच्या रेयुनियों बेटावर ती चूल अजून धगधगते आहे. म्हणजे सह्याद्री थोरला, मॉरिशस बरंच धाकटं, आई एकच. आमच्या वळणाच्या घाटात जो दगड पावसाळ्यात रस्त्यावर येतो, त्याच्या धाकट्या भावाला उचलून बाजूला ठेवायला कोकणातली माणसं बोटीनं आणवली गेली. उचलताना त्यांतल्या कुणाच्या हाताला दगड ओळखीचा वाटला असेल का? मी गाडी थांबवायला सांगून एक दगड हातात घेतला. “अहो,” गाडीतून आवाज आला, “दगड घरी कमी आहेत का?” मी तो जागच्या जागी ठेवला.

खरं म्हणजे या बेटावर बाहेरून न आलेलं असं फारसं काही नाहीच. ऊस डचांनी जावाहून आणला, हरणंही त्यांनीच. आंबा, लिची, फणस, माणसं, सगळे केव्हा ना केव्हा बोटीतून उतरलेले. मूळचा पक्का रहिवासी म्हणजे डोडो. तो १६६२च्या सुमारास शेवटचा दिसला, आणि आता टोप्या, पेले, किल्ल्यांच्या साखळ्या असा सर्वत्र भेटतो. जिवंत असताना त्याला एवढ्या जणांनी घरी नेलं असतं तर! उरलेल्यांची मात्र आता फार काळजी घेतात. इथले ससाणे १९७४मध्ये रानात अवघे चार उरले होते, ते जपून जपून शेकड्यांवर नेले. गुलाबी कबूतर १९९०च्या आसपास दहाएक. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात गाडीवाल्यानं एका फांदीकडे बोट दाखवून श्वास रोखला, सगळे स्तब्ध झाले, दुर्बिणी वर गेल्या. मुंबईत खिडक्यांना जाळ्या लावून, थाळी बडवून कबुतरं हाकलण्यात मी उमेदीची काही वर्षं घालवली आहेत. त्या दिवशी एका कबुतरापुढे मी टोपी काढून उभा होतो, आणि ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

मध्यंतरी गणेश चतुर्थी झाली. तिथे या सणाची देशभर सुट्टी असते. आंरिएता नावाच्या गावात १८९६ साली पहिला गणपती बसला, तेव्हापासूनची परंपरा. मुलीच्या ओळखीच्या एका मराठी घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मराठी म्हणजे पाच पिढ्यांची मराठी. मुलं शाळेत ती शिकतात, मोठी माणसं क्रिओल बोलतात, आणि घरातल्या आजीबाईंचं मराठी सगळं देवाशी बोलण्यापुरतं उरलेलं. साधं पाणी मागायचं झालं तर क्रिओल, पण आरती सुरू झाली की एक अक्षर चुकायचं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं. मी तिसऱ्या कडव्याला नेहमीप्रमाणे ओठ हलवायला लागलो, आणि आजीबाईंनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की मी मूळ देशातून आलेला, ही भूमिका ताबडतोब सोडून दिली. केळीच्या पानावर भाज्या वाढता वाढता त्यांनी नातवाकरवी विचारलं, “तुमच्याकडेही गणपती असतो का?” मी म्हटलं, असतो. त्यांना बरं वाटलं. इतक्या लांबही आपलं काही टिकून आहे, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या बाप्पाला निरोप द्यायला सगळे पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे दूरवर प्रवाळाचा बांध आहे. लाटा तिकडेच फुटतात, आणि अलीकडे समुद्र ताटातल्या आमटीसारखा निवांत. दोन तरुण पाट खांद्यावर घेऊन चालत निघाले. पाणी गुडघ्याएवढं. आणखी चालले. गुडघ्याएवढंच. आमच्या आंजर्ल्याच्या समुद्रात तिसऱ्या पावलाला लाट गणपती हातातून ओढून घेते; हा समुद्र घ्यायलाच तयार नव्हता. ती माणसं चालत चालत ठिपक्याएवढी झाली तरी कंबर ओली व्हायची होती. बाप्पाही मागे वळून पाहत असल्यासारखे, जायचं की राहायचं या विचारात. किनाऱ्यावर ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून म्हणून लोकांचे घसे बसले, तेव्हा कुठे पाणी छातीला लागलं.

जंगलाची सहल नेमकी गौरी येण्याच्या दिवशी आली. आमच्या घरी खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावर जायचं, पाच खडे निवडायचे, आणि घरी येईपर्यंत बोलायचं नाही. सकाळपासून ही गप्पच होती, पण ते गप्प वेगळं. परतीच्या वाटेवर, अभयारण्याची हद्द संपल्याची पाटी मागे गेल्यावर (आतून खडासुद्धा उचलायला बंदी आहे हे तिनं जाताना वाचून ठेवलं होतं, रोपांचा न्याय देवाच्या कामाला चालत नसावा), तिनं एका ओढ्यापाशी गाडी थांबवायला लावली. साडीचा काठ उचलून खाली उतरली. पाणी स्वच्छ, थंड. तिनं पाच काळे गुळगुळीत खडे शोधले, धुतले, हळदकुंकू लावलं. ते तिच्या पर्समध्ये होतं, म्हणजे ती मुंबईहूनच ठरवून निघाली होती. पदरात खडे घेऊन ती गाडीत बसली आणि ओठ मिटले.

गाडीवाला बिथरला. एरवी ती त्याला रस्त्यातल्या प्रत्येक झाडाचं नाव, भाजीचा भाव, त्याच्या धाकट्या मुलीचा खोकला, असं सगळं विचारायची. “मातांतला बरं नाही का?” त्यानं आरशातून विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. “तुम्ही काही बोललात का तिला?” नाही रे बाबा. तो तास-दीड तास त्यानं रेडिओही लावला नाही. मुलगी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिनं दारात तांब्याभर पाणी घेऊन आईचे पाय धुतले, उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली, आणि विचारलं, कोण आलं? मग ही पहिल्यांदा बोलली. गौर आली. दरवाजात किल्ल्या हातात घेऊन उभा असलेला गाडीवाला बराच वेळ त्या लहान लहान लाल पावलांकडे पाहत राहिला. “माझी आजी पण अशी पाण्यावर जायची,” तो म्हणाला. “घरी येईपर्यंत बोलायची नाही. मला वाटायचं, रागावली आहे.” कशासाठी जायची, ते त्याला आठवत नव्हतं. आजी जाऊन वीस वर्षं झाली होती.

गौरी तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. तिसऱ्या दिवशी फ्रिजवरच्या कागदावर कुठलीच सहल नव्हती. खडे जवळच्या कुठल्याही पाण्यात सोडायचे असं आमचं ठरलं होतं. पण सकाळी नऊला गाडी दारात. बोलावलं कुणी नव्हतं. “जिथून आणलं तिथंच पोचवायला हवं ना?” त्यानं विचारलं. आमच्यात तसा काही नियम नाही. ही माझ्याकडे पाहून म्हणाली, “हवं की.”

ओढ्यावर त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हिच्या हातातून एकेक खडा घेऊन पाण्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला. पाचवा ठेवल्यावर जरा वेळ वाकूनच राहिला. सारखेच काळे दगड सगळे, कोणते आपले ते आता सांगता येत नव्हतं. मग गाडीत येऊन बसला आणि निघाला. उसाची शेतं गेली, दगडांच्या राशी गेल्या, धोलपुरीवाला गेला. हिनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर त्यानं आरशातून पाहून हलकेच मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. परतताना बोललेलं चालतं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. घर येईपर्यंत आम्ही तिघंही गप्प होतो.